ज्यांची माणसं त्यांना विचारून

बाईंना गाडीत घेऊन मी कधीही कुठेही वेळेवर पोचले नाही. रस्त्याच्या कडेला इतिहासाची माहिती देणारी लोखंडी पाटी दिसली की त्या माझ्या दंडावर चापट मारायच्या आणि म्हणायच्या, "थांब." मागे ट्रक असो, पुढे डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट असो, थांबायचं. नजर जवळजवळ गेलेली, पाटीचा आकार तेवढा कळायचा, त्यामुळे पाटी मी वाचायची आणि निकाल त्यांनी द्यायचा. "खोटं." "अर्धं खोटं." "हे वाक्य लिहिणाऱ्याला लाज वाटत होती, म्हणून इतकं लांबलंय." एकदाच "हं, बरोबर आहे" म्हणाल्या. ती पाटी एका पिठाच्या गिरणीबद्दल होती. उत्तर जॉर्जियात अशा पाट्या पावलोपावली आहेत, आणि मी एकदा वाचलेली पाटीसुद्धा त्यांना महिन्याभराने पुन्हा वाचून हवी असायची. मजकूर सुधारला असेल तर, म्हणे.

बाई म्हणजे अल्फारेटातल्या आमच्या टाउनहाउसच्या शेजारीण. वय ऐंशीच्या पुढे, चेरोकी, आणि आयुष्यभर आपल्या लोकांच्या इतिहासावर कादंबऱ्या लिहीत आलेल्या. मी मनात त्यांना बाई म्हणायचे आणि तोंडावर मॅडम. मॅडम म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, कोण आलंय म्हणून. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, पण आठवताना ते मला मराठीतच ऐकू येतं, म्हणून तसंच सांगते.

एकोणिसाव्या शतकात सरकारने चेरोकी लोकांना या भागातून सैन्य लावून बाहेर काढलं, त्यांच्या जमिनी गोऱ्यांना लॉटरीने वाटल्या आणि त्यांना पार पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमापर्यंत नेलं. वाटेत हजारो माणसं मेली. बाईंचा जन्म त्या ओक्लाहोमातला. लोक म्हातारपणी फ्लोरिडाला जातात. या बाई जिथून आपल्या खापरपणजीला हाकललं होतं तिथे, आजच्या बाजारभावाने, कर्ज काढून राहायला आल्या. "माझ्या घराण्यातली इथल्या नदीच्या काठी हप्ते भरणारी मी पहिलीच," असं ओळख करून देताना सांगायच्या. यावर हसावं की नाही हे समोरच्याला कळायचं नाही, आणि त्याची तारांबळ उडालेली त्यांना फार आवडायची.

आल्या त्याच उन्हाळ्यात त्यांनी घरापुढचा हिरवळीचा चौकोनी तुकडा उकरून तिथे मका लावला, मक्यावर घेवडा चढवला आणि खाली भोपळ्याचे वेल सोडले. आमच्या कॉलनीत दाराला कुठला रंग लावायचा हेही कमिटी ठरवते, आणि त्या कमिटीचा सेक्रेटरी होता माझा नवरा. तो मूळचा नागपूरचा, भांडणाचा कंटाळा असलेला माणूस. रोज ऑफिसातून आल्या आल्या त्याचं सुरू व्हायचं, "यार, तिचा कॉर्न माझ्या खांद्याच्या वर गेलाय. लोक मला ईमेलवर ईमेल करतायत. तू बोल ना तिच्याशी, तुझी मैत्रीण आहे." मैत्रीण कसली! तोवर मी फक्त त्यांच्या कचऱ्याचा डबा आत ढकलून द्यायचे.

शेवटी कमिटीने त्यांना मीटिंगला बोलावलं. बाई आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. नियम वाचून झाल्यावर उभं राहून एवढंच म्हणाल्या, "इथून काढा म्हणून आम्हाला आलेली ही पहिली नोटीस नाही. मागच्या वेळी तुम्ही निदान सैनिक पाठवले होते." नवऱ्याने मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही. मका अर्थात काढावाच लागला, नियम तो नियम. पण कणसं तयार झाल्यावर. आमच्या घरी टोपलीभर आली. मी त्यांची उसळ करून पाठवली, तर बाई डबा घेऊन दारात: "हे कुणी बिघडवलं?"

मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नसलेली, पुण्यात इतिहासात एम.ए. केलेली आणि घरात बसून वैतागलेली बाई होते. त्यांचे डोळे गेले आणि लिहिणं अडलं, तेव्हा एक दिवस त्यांनी विचारलं, "तुला टाइप करता येतं?" येतं म्हटलं आणि पुढची पाच वर्षं अडकले.

त्यांची लिहायची तऱ्हा म्हणजे डोक्याला ताप होता. मांडीवर घेवड्याच्या शेंगा घेऊन त्या मोडत मोडत सांगायच्या. शेंग मोडली की वाक्य संपलं. शेंगा संपल्या की काम संपलं, मग मधलं वाक्य अर्धवट राहिलं तरी चालेल. एकदा एका खेचराचा रंग सकाळी तपकिरी होता, दुपारी काळा झाला आणि संध्याकाळी त्यांनी ओक्लाहोमातल्या कुणा शेतकऱ्याला फोन करून त्या भागात त्या काळी कसली खेचरं असत ते विचारलं. दुसऱ्या दिवशी खेचर पुन्हा तपकिरी. मी म्हटलं, "मॅडम, वाचणाऱ्याला काय फरक पडतो?" "वाचणाऱ्याला नाही," त्या म्हणाल्या, "खेचराला."

आणि रडायचं नाही! हा मला सगळ्यात जाचलेला नियम. मी मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेली. आमच्या कादंबऱ्यांत राजे रडतात, राण्या रडतात, घोडेसुद्धा डोळ्यांतून पाणी काढतात. इथे तर आख्खी जमात देशोधडीला लागलेली, आणि बाई डोळ्यांत टिपूस येऊ देत नव्हत्या. मी हळूच कुठे 'तिचे डोळे भरून आले' असं घुसवलं, तर परत वाचून दाखवताना त्यांना ते बरोबर ऐकू यायचं. "हे तुझं आहे. काढ." वाचनाच्या कार्यक्रमात लोक हमखास गंभीर चेहरा करून विचारायचे, त्या प्रवासाची तुमच्या घरात काय आठवण आहे? बाई सांगायच्या, "खापरपणजी वाटभर बुटांबद्दल कुरकुरत होती. आमच्या घरात रडणं नाही उतरलं, कुरकूर उतरली." ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी असणार, कारण तो वारसा मी रोज ऐकत होते.

माझी मुलगी तेव्हा दहा-अकराची होती. मी चिडून घरी आले की म्हणायची, "आई, शी इज सो मीन टू यू. कॅन आय कम टुमॉरो?" आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या शेजारी बसून शेंगा मोडायची.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. माझं पित्त खवळायचं ते त्यांच्या एका पद्धतीमुळे. कादंबरीत जे जे खरं माणूस येई, त्याचे वंशज शोधून काढून ते प्रकरण त्यांना वाचून दाखवायचं, आणि ते नको म्हणाले तर काढून टाकायचं. वाद नाही, आर्जव नाही, हा भाग बदलला तर चालेल का असंही विचारायचं नाही. चेरोकी लेखक सगळे असं करतात का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही. काही शहाणे आहेत."

पहिला दणका बसला तो नावाड्याच्या प्रकरणात. नदीवर नाव चालवणारा एक चेरोकी, हुकूम आला त्या दिवशी दारू पिऊन गोऱ्या गिऱ्हाइकांना नदीच्या मधोमध गोल गोल फिरवत ठेवतो. काय प्रकरण होतं! त्याचा खापरपणतू ओक्लाहोमातच, तुल्सा शहरात दातांचा डॉक्टर. बाईंनी फोन स्पीकरवर लावला, मी वाचलं, पलीकडे तो सँडविच खात ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "मजा आली. पण आमच्या घरात सांगतात, तो त्या दिवशी प्यालेला नव्हता." बाई म्हणाल्या, "बरं." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "काढ."

"आख्खं?"

"दारू काढली तर काय उरतं?"

"त्याला काय माहीत? तो तिथे होता का?"

"मी होते का?" बाई म्हणाल्या. "प्यालेला मला हवा होता, त्याला नको होता. माणूस त्याचा आहे."

मी त्यांना आमच्याकडचं सांगितलं. ऐतिहासिक कादंबरी आली की कुणाच्या ना कुणाच्या भावना दुखावतात, मोर्चे निघतात, प्रती जाळतात, लेखक माफी मागतो. म्हणून तर लेखकाने कुणाला विचारायचं नसतं, विचारत बसलं तर एकही पुस्तक निघायचं नाही! बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी माणसं ओरडतात, आणि आधी एकालाही कुणी विचारलेलं नसतं?" मी लॅपटॉप बंद केला आणि घरी निघून आले. तीन दिवस गेले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर काठी ठोकली.

आता मुख्य गोष्ट. बाईंची ही शेवटची कादंबरी होती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. डोळ्यांपाठोपाठ हृदयाची तक्रार सुरू झालेली. आणि या कादंबरीचा जीव होता एका प्रकरणात. चेरोकींमधल्या काही सधन घरांनी काळे गुलाम बाळगले होते. मालकांना हाकललं तेव्हा गुलामांनाही त्यांच्याबरोबर पश्चिमेला जावं लागलं. बाईंच्या खापरपणजीच्या घरात अशीच एक तरुण बाई होती. घरातली कहाणी अशी, की वाटेत खापरपणजीला ताप भरला तेव्हा या बाईने तिचं तान्हं मूल पाठीला बांधून थंडीतून चालत नेलं, आणि पुढे गुलामी संपल्यावरही ती आपखुशीने त्यांच्याच घरी राहिली.

हे प्रकरण सांगताना बाईंनी एकही शेंग मोडली नाही. हात मांडीवर ठेवून सांगत राहिल्या. टाइप करताना मी रडले. त्यांना ते कळलं. "तिकडे रड," म्हणाल्या, "पानावर नको." प्रकाशकाला ते प्रकरण इतकं आवडलं की त्याने सगळी कादंबरी त्याच्याभोवती पुन्हा रचायला सांगितली, आणि बाईंनी कधी नव्हे ते ऐकलं. वर्ष त्यात गेलं. आणि सगळं जुळून आल्यावर, मी मनातल्या मनात पेढे वाटून झाल्यावर, बाई म्हणाल्या, "अजून विचारलेलं नाही."

त्या गुलाम बाईची वंशज त्यांना माहीत होती. ओक्लाहोमात दोघी एकाच गावात वाढल्या होत्या. आता ती निवृत्त होऊन आमच्यापासून गाडीने दोनेक तासांवर, चॅटनूगाजवळ मुलाकडे राहत होती. जन्मभर शाळेची बस चालवलेली. तिचं खरं नाव देत नाही, लोरेन म्हणू. तिकडच्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना मिस लोरेन म्हणत. चेरोकींच्या गुलामांच्या वंशजांना चेरोकी म्हणून मान्यता मिळायला वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं. त्यात मिस लोरेनचं घराणंही होतं. त्या सगळ्या काळात बाई कुठे होत्या, असं मी जाताना गाडीत विचारलं. "लिहीत होते," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी एकाही पाटीपाशी थांब म्हणाल्या नाहीत. मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

मिस लोरेननी गोड चहा दिला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि खुर्ची माझ्यासमोर ओढून बसल्या. मी वाचलं. माझ्या पुणेरी इंग्रजीत त्या वाटेवरची थंडी, ते मूल, पाठीवर घट्ट आवळलेली शाल. वाचून झाल्यावर त्यांनी खुर्ची बाईंकडे वळवली.

"तुमच्या घरात हे असं सांगतात?" त्यांनी बाईंना विचारलं.

"हो. असंच."

"आपखुशीने राहिली, असं?"

"असं सांगतात."

"आमच्या घरात असं सांगत नाहीत."

बाईंनी विचारलं, "कसं सांगता?"

"ते तुझ्या पुस्तकासाठी नाही," मिस लोरेन म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आणि ती पण नाही. तिला त्यातून सोड."

"बरं," बाई म्हणाल्या. कप खाली ठेवला, चहाबद्दल आभार मानले आणि काठी शोधायला लागल्या.

गाडीत मी अक्षरशः ओरडले. म्हटलं, एक वर्ष! तुमचं आणि माझंही! निदान थोडं बोलायचं तरी, समजावायचं, नाव बदलते म्हणून सांगायचं! कोण ओळखणार आहे तिला?

"नाव बदलल्याने ती बदलेल?"

"पुस्तक मरेल, मॅडम. तुमचं शेवटचं पुस्तक आहे."

बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. दिसत काही नव्हतंच. "माझ्या माणसांनी तिला विकत आणलं," त्या म्हणाल्या. "चालवत नेलं. तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. मी पण विचारल्यासारखं करून घेऊनच जाऊ?"

मला जास्तच राग आला. त्यांना घरी सोडून मी दार जोरात लावलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तिला सांग ना, फिक्शन आहे. फिक्शनमध्ये कोण परमिशन घेतं?" मी म्हटलं, तू जाऊन सांग. गेला नाही.

प्रकाशकाने हात वर केले. बाई मात्र रोज शेंगा घेऊन बसत आणि त्या प्रकरणाशिवाय कादंबरी उभी करायचा प्रयत्न करत. ती उभी राहीना. प्रत्येक प्रकरणाची वाट त्या एका प्रकरणाकडे जात होती, आणि तिथे काही नव्हतं. मी दर आठवड्याला एकदा म्हणायचे, मिस लोरेनना फोन करू या. बाई म्हणायच्या, "एकदा विचारलं, उत्तर मिळालं. पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे विचारणं नाही, ढकलणं." त्याच हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी त्या खुर्चीतच गेल्या. मला फार वाईट वाटलं, आणि रागही तितकाच आला, की अर्धवट टाकून गेल्या म्हणून.

काही महिन्यांनी त्यांच्या पुतण्याचा ओक्लाहोमाहून फोन आला. प्रकाशक पुन्हा विचारत होता: लेखिका तर गेली, तिची ती पद्धत तिच्याबरोबर गेली, त्या प्रकरणाचा शेवटचा खर्डा तुमच्याकडे असेल तर त्याच्यासकट आहे तशी कादंबरी आम्ही काढतो. "मला पुस्तकातलं कळत नाही," पुतण्या म्हणाला. "टायपिंग तुम्ही केलंय. तुम्ही म्हणाल तसं." प्रकरण माझ्या लॅपटॉपवर होतं. एक बटण दाबायचं होतं. बाईंचं नाव राहिलं असतं, इतकं सुंदर लिहिलेलं लोकांनी वाचलं असतं, आणि मला ते मनापासून हवं होतं. नवरा म्हणाला, "पाठव ना यार. शी डिझर्व्ज इट."

आणि मी काय केलं? एका मंगळवारी, मुलीला शाळेत सोडून, चॅटनूगाला गेले. स्वतःला शिव्या घालत गेले. म्हटलं, या बाईने मेल्यावरही माझा पिच्छा सोडलेला नाही.

मिस लोरेननी दार उघडून विचारलं, "तिने जाताना सांगितलं होतं का, मला विचार म्हणून?"

"नाही. मीच आले."

"अस्सं." त्यांनी आत घेतलं. म्हणाल्या, "मी नाही म्हटल्यावर ती पुन्हा फोन करेल असं मला वाटलं होतं. मन वळवायला. ती नेहमी बोलून बोलून समोरच्याला नमवायची, शाळेपासून. ती जाईपर्यंत वाट पाहिली. एकदाही केला नाही."

मी विचारलं, "मग आता छापू का?"

"नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, मी पर्स उचलत असताना, "बस," म्हणाल्या, आणि त्यांच्या घरात ती कहाणी कशी सांगतात ते मला सांगितलं. सगळं. दुपार झाली. बाईंच्या प्रकरणात होतं त्यातलं मूल तेवढं खरं होतं, बाकी काहीच तसं नव्हतं. ऐकताना मला एकसारखं वाटत होतं की इथे बसून हे ऐकायला बाई हव्या होत्या, मी नव्हे. त्यांनी एक शब्द न बोलता ते मिळवलं होतं, आणि ते घ्यायला त्या नव्हत्या.

प्रकाशकाला मी नाही म्हणून कळवलं. त्याने कादंबरी सोडून दिली.

मिस लोरेननी सांगितलेली कहाणी मी कुठे लिहिलेली नाही. बाईंबद्दलचा हा लेख मात्र लिहून झाल्यावर त्यांना फोन लावला आणि इंग्रजीत करत करत सगळा वाचून दाखवला. त्या ऐकत होत्या, मध्ये दोनदा हसल्या. शेवटी म्हणाल्या, छान आहे, पण दोन जागा काढ. मी कारण विचारलं नाही. काढल्या. त्यातली एक फार चांगली होती.